पुन्हा काळेच का?

बुद्धिबळाच्या स्पर्धेत एक फेरी संपते, पंच पुढच्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीला चिकटवतात आणि मुलांची झुंबड उडते. बोट कागदावरून खाली सरकत जाते, आपले नाव सापडते आणि डोळे दोनच गोष्टी शोधतात: समोर कोण, आणि आपली मोहरी कोणती. थोड्याच वेळात एखादे पालक पंचांच्या टेबलाशी येऊन उभे राहतात. "सर, मागच्या फेरीत हिला काळे होते. आता पुन्हा काळेच का?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला नेमके उत्तर आहे. जागतिक बुद्धिबळ संघटना म्हणजे फिडे. तिच्या नियमावलीत स्विस पद्धतीचे जे मूलभूत नियम दिले आहेत, त्यांतला एक असा की जोड्या लावण्याची रीत पारदर्शक हवी, इतकी की पंचाला ती उलगडून सांगता यावी. म्हणजे असे विचारणारे पालक कटकट करत नसतात. ज्याचे उत्तर पंचाकडे तयार असायलाच हवे, तेच ते विचारत असतात. हे प्रकरण त्या उत्तराविषयी आहे.

मुंबई-कोलकाता महामार्गावर साकोली आणि देवरी यांच्यामध्ये सडक अर्जुनी हे गोंदिया जिल्ह्यातले तालुक्याचे गाव लागते. आजूबाजूला धानाची शेती, पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. इथल्या शाळेतल्या मुलीने बुद्धिबळात पुढे जायचे ठरवले, तर तिची वाट शालेय क्रीडा स्पर्धांमधून जाते. तालुका, मग गोंदियाला जिल्हा, मग नागपूर विभाग, मग राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट. ही वाट किती दूर नेऊ शकते, ते विदर्भाने गेल्या काही वर्षांत पाहिले आहे. नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाला. २०२१ मध्ये संकल्प गुप्ता झाला. २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. वरच्या पायरीवर रंगाचे नियम संगणक सांभाळतो. खालच्या पायरीवर ते एखाद्या क्रीडाशिक्षकाच्या हातात असतात, आणि चुका तिथेच होतात.

मुळात रंगाचे एवढे काय? पांढरा पहिली चाल करतो, एवढाच तर फरक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पहिली चाल पांढऱ्यानेच करावी असाही सर्वमान्य नियम नव्हता. काळ्याने सुरुवात केलेले त्या काळातले डाव छापील संग्रहांत सापडतात. पण पहिली चाल कुणाकडे तरी असणारच, आणि ज्याच्याकडे ती असते त्याला थोडा फायदा होतो. तयारीच्या खेळाडूंच्या डावांची मोठी संकलने पाहिली, तर शंभर डावांत पांढऱ्याच्या वाट्याला साधारण ५४-५५ गुण येतात, काळ्याच्या वाट्याला ४५-४६. नवख्या मुलांच्या डावांत एका चालीचा फायदा पुढच्या घोडचुकीत वाहून जातो, म्हणून तिथे हा फरक कमी दिसतो. मात्र मुलांच्या बाबतीत दुसरी गोष्ट असते. पांढऱ्याने खेळायची एखादी सुरुवात त्यांनी घोटून घोटून तयार केलेली असते. काळ्याने काय करायचे, ते समोरच्याच्या पहिल्या चालीवर अवलंबून असते आणि तो अभ्यास बहुतेकांचा अर्धाच झालेला असतो. लागोपाठ तीन फेऱ्या काळे आले, तर अशा मुलाची स्पर्धा तिथेच संपते.

रंग म्हणजे निकाल नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. बातुमीच्या अंतिम लढतीत दिव्या आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. टायब्रेकमधला पहिला रॅपिड डावही बरोबरीत गेला; त्यात दिव्याकडे पांढरी होती. दुसऱ्या डावात पांढरी हम्पीकडे गेली, आणि तो डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकून दिव्याने चषक घेतला. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये गुकेश विश्वविजेता झाला, तो १४ वा आणि शेवटचा डावही त्याने डिंग लिरेनविरुद्ध काळ्यानेच जिंकला. काळ्याने जिंकता येते. म्हणूनच काळे वाट्याला येणे हा अन्याय नसतो. काळ्याची वाटणी एकाच बाजूला झुकणे हा अन्याय असतो, आणि रंगवाटपाचे सगळे नियम त्यासाठीच आहेत.

सर्वांत सोपी वाटणी साखळी स्पर्धेत होते, कारण तिथे प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळणार असतो. कोणत्या फेरीत कोण कुणाशी आणि कोणत्या रंगाने खेळणार, याची तयार कोष्टके ऑस्ट्रियाचे योहान बर्गर यांच्या नावाने ओळखली जातात. सहा खेळाडू असतील तर पहिल्या फेरीत १ विरुद्ध ६, २ विरुद्ध ५, ३ विरुद्ध ४, आणि आधी लिहिलेल्याला पांढरे. पुढे ६-४, ५-३, १-२. मग २-६, ३-१, ४-५. मग ६-५, १-४, २-३. आणि शेवटी ३-६, ४-२, ५-१. कोष्टक हाताशी नसले तरी रंग काढता येतो. दोघांच्या क्रमांकांची बेरीज विषम आली तर लहान क्रमांकाला पांढरे, सम आली तर मोठ्या क्रमांकाला. फक्त शेवटचा क्रमांक या हिशेबाबाहेर असतो: त्याच्याविरुद्ध पहिल्या निम्म्या क्रमांकांना पांढरे मिळते, उरलेल्यांना काळे.

आता यातली मेख पाहा. सहा जणांत प्रत्येकाचे पाच डाव होतात. पाचाचे दोन सारखे भाग पडत नाहीत, म्हणून १, २, ३ या क्रमांकांना तीनदा पांढरे येते आणि ४, ५, ६ यांना दोनदाच. क्रमांक कुणाला कोणता द्यायचा हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवायचे, ते यासाठी. वर्गातल्या हुशार मुलाला आपसूक पहिला क्रमांक देऊन टाकला, तर त्याला एक पांढरा डाव फुकट जास्त मिळतो. खेळाडू पाच असतील तर सहावी जागा रिकामी ठेवायची. तिच्याशी ज्याची गाठ पडते त्याला त्या फेरीत विश्रांती. मग प्रत्येकाचे दोन पांढरे आणि दोन काळे असे तंतोतंत जुळते.

दुहेरी साखळीत ही अडचण उरत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोला झालेल्या कँडिडेट्स स्पर्धेत आठ खेळाडू आणि चौदा फेऱ्या होत्या, म्हणजे प्रत्येकाला सात वेळा पांढरे आणि सात वेळा काळे. नाशिकचा विदित गुजराथी दुसऱ्या फेरीत हिकारू नाकामुराशी काळ्याने खेळला आणि जिंकला. सात फेऱ्यांनंतर तीच जोडी नवव्या फेरीत रंग बदलून समोरासमोर आली आणि विदित पांढऱ्यानेही जिंकला. दुहेरी साखळीत एक बारीक खाच मात्र आहे. पहिले चक्र संपून दुसरे सुरू होताना काही खेळाडूंना एकच रंग लागोपाठ तीनदा येतो. म्हणून पहिल्या चक्राच्या शेवटच्या दोन फेऱ्यांची अदलाबदल करावी, अशी शिफारस फिडेच्या कोष्टकांसोबतच दिलेली आहे.

पण शालेय स्पर्धेला साखळी परवडत नाही. चोवीस मुले आली तर तेवीस फेऱ्या कोण खेळवणार? अशा वेळी लागते ती स्विस पद्धत. डॉ. युलियस म्युलर यांनी ती सुचवली आणि १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून तिचे नाव स्विस. हरलेला बाहेर पडत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात आणि प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. पुढची जोडी आधीच्या निकालावर ठरत असल्यामुळे रंगांचे तयार कोष्टक इथे करता येत नाही. रंग दर फेरीला नव्याने वाटावे लागतात.

ही वाटणी कालव्याच्या पाण्याच्या पाळीसारखी आहे. मागच्या पाळीत ज्याच्या बांधीला पाणी पोचले नाही, त्याचा या पाळीत आधी हक्क, हे धानाच्या पट्ट्यात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. फिडेचा मूळ नियम तोच सांगतो: ज्या रंगाने खेळाडू कमी वेळा खेळला, तो रंग त्याला साधारणपणे मिळावा, दोन्ही सारखे झाले असतील, तर शेवटच्या डावाच्या उलटा रंग मिळावा. याच्या वर दोन पक्क्या मर्यादा आहेत. पांढऱ्या आणि काळ्या डावांतला फरक दोनपेक्षा जास्त होऊ नये, आणि एकच रंग सलग तीनदा येऊ नये. सूट असलीच तर ती फक्त शेवटच्या फेरीत.

स्विसच्या प्रकारांपैकी सर्वाधिक वापरात असलेल्या डच पद्धतीत खेळाडूच्या या हक्काचे तीन दर्जे केले आहेत. दोन फेऱ्या लागोपाठ एकच रंग आला असेल, किंवा दोन रंगांतला फरक दोनवर गेला असेल, तर दुसऱ्या रंगावरचा हक्क पूर्ण, तो डावलता येत नाही. फरक एकचाच असेल तर हक्क प्रबळ. दोन्ही बाजू सारख्या असतील आणि फक्त आलटून पालटून मिळावे एवढीच अपेक्षा असेल, तर हक्क सौम्य. ज्याने अजून एकही डाव खेळलेला नाही त्याचा हक्कच नाही. त्याच्या समोरच्याला जे हवे ते मिळते.

आता समजा, सडक अर्जुनीत एखाद्या शाळेच्या सभागृहात चोवीस मुले जमली आहेत आणि पाच फेऱ्या खेळवायच्या आहेत. आधी मानांकनाची यादी होते, क्रमांक १ ते २४. पहिल्या फेरीत वरची निम्मी खालच्या निम्म्यांशी: १ विरुद्ध १३, २ विरुद्ध १४, अशी शेवटी १२ विरुद्ध २४. एक चिठ्ठी उचलली जाते आणि पहिल्या क्रमांकाचा रंग ठरतो. धरून चालू की पांढरे निघाले. मग वरच्या बारांतल्या विषम क्रमांकांना पांढरे आणि सम क्रमांकांना काळे. संपूर्ण स्पर्धेत नशिबाचा हात एवढाच. पुढच्या फेऱ्यांत रंगासाठी नाणेफेक नाही, चिठ्ठी नाही, पंचाची मर्जी तर नाहीच.

पहिल्या फेरीत वरचे बाराही जण जिंकले असे मानू. दुसऱ्या फेरीत एका गुणाचा गट म्हणजे १ ते १२. पुन्हा वरचे सहा विरुद्ध खालचे सहा, म्हणजे १-७, २-८ अशा जोड्या सरळ दिसतात. पण त्या लागत नाहीत. १ आणि ७ दोघेही पांढऱ्याने खेळून आलेत, दोघांनाही आता काळे हवे. २ आणि ८ दोघेही काळ्याने खेळलेत, दोघांनाही पांढरे हवे. म्हणून खालच्या सहांचा क्रम शक्य तितका कमी हलवून जोड्या अशा होतात: १-८, २-७, ३-१०, ४-९, ५-१२, ६-११. प्रत्येकाला हवा तो रंग मिळतो. सातव्या क्रमांकाच्या मुलाचे वडील विचारतात, "आमच्या मुलाला पहिल्याऐवजी दुसऱ्या क्रमांकाशी का बसवले?" उत्तर एका शब्दाचे आहे: रंग. या पद्धतीत रंग हा जोडी लागल्यावरचा सोपस्कार नसतो. कोण कुणाशी खेळणार, हेही तोच ठरवतो.

तिसऱ्या फेरीपासून अडचणी सुरू होतात. समजा, दोन गुणांच्या गटात सहा जण उरले. चौघांचा क्रम पांढरे-काळे, दोघांचा काळे-पांढरे. चौघांना आता पांढरे हवे, दोघांनाच काळे. कशीही जोडणी केली तरी एक जोडी अशी उरते जिच्यात दोघांनाही पांढरेच हवे. दोघांचा हक्क सौम्य, दोघांचा इतिहास तंतोतंत सारखा. इथे नियम सांगतो की वरच्या क्रमांकाच्या खेळाडूची इच्छा पुरी करा. खालच्याला काळे, लागोपाठ दुसऱ्यांदा. या प्रकरणाच्या सुरुवातीला आलेल्या प्रश्नाचे बहुतेक वेळा उत्तर हेच असते. पण त्याचा दुसरा भाग पंचांनी आवर्जून सांगायला हवा: चौथ्या फेरीत या मुलीचा पांढऱ्यावर पूर्ण हक्क आहे. त्या फेरीत अशा दोन मुलींना समोरासमोर बसवताही येत नाही, मग गुण सारखे का असेनात. जोडी जुळवण्यासाठी गरज पडली तर एखाद्या खेळाडूला खालच्या गुणगटातही उतरावे लागते.

दोघांचा हक्क सारखा असला तरी इतिहास सारखा नसेल, तर क्रमांकापर्यंत जायची गरज पडत नाही. समजा, चार फेऱ्यांत एकीचे रंग पांढरे, काळे, काळे, पांढरे आणि दुसरीचे काळे, पांढरे, काळे, पांढरे असे झाले आहेत. दोघींना आता काळे हवे. मागे मागे जाऊन पाहायचे: चौथ्या फेरीत दोघींना पांढरे, तिसऱ्यात दोघींना काळे, दुसऱ्या फेरीत मात्र पहिलीला काळे आणि दुसरीला पांढरे होते. दोघींचे रंग शेवटचे जिथे वेगळे होते, तिथून उलटे करायचे. म्हणून आता पहिलीला पांढरे, दुसरीला काळे. हा नियम सुंदर आहे. मानांकनाकडे न पाहता तो प्रत्यक्ष कुणाला काय मिळाले एवढेच पाहतो. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूचे पारडे जड होते ते सगळे बाकीचे उपाय संपल्यावर.

न खेळलेल्या डावाचा रंग धरत नाहीत. यावरून सर्वांत जास्त गैरसमज होतात. खेळाडूंची संख्या विषम असली की एकाला बाय मिळतो: गुण मिळतो, प्रतिस्पर्धी नाही, रंगही नाही. वॉकओव्हरचेही तसेच. मुलगी पांढरी मोहरी मांडून बसली, घड्याळ चालू झाले, समोरचा आलाच नाही, गुण तिच्या नावावर लागला. तिच्या मनात पांढरे होऊन गेलेले असते, पण तक्त्यात ते लागत नाही. काळे, पांढरे, काळे, वॉकओव्हर, पांढरे असा प्रवास असेल तर हिशेबात तो काळे, पांढरे, काळे, पांढरे असाच मोजतात. शिवाय ज्याला एकदा बाय किंवा वॉकओव्हरने गुण मिळाला, त्याला पुन्हा बाय देत नाहीत.

दोन खेळाडूंच्या थेट सामन्यात मात्र याच्या उलट असते. १९७२ मध्ये रेक्याविकला बोरिस स्पास्की आणि बॉबी फिशर यांच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत दुसऱ्या डावात फिशरला पांढरे होते. तो खेळायलाच आला नाही आणि डाव गमावून बसला. तरी तिसऱ्या डावात पांढरे ठरल्याप्रमाणे स्पास्कीलाच मिळाले, आणि तो डाव फिशरने काळ्याने जिंकला. सामन्यात रंगांचा क्रम आधीच ठरलेला असतो, तो कुणाच्या गैरहजेरीने बदलत नाही. तो क्रमही सरळ एकाआड एक असतोच असे नाही. २०१० मध्ये सोफियात विश्वनाथन आनंद आणि वेसेलिन टोपालोव यांच्यात बारा डाव झाले, तेव्हा मध्यावर क्रम उलटवला होता. सहाव्या आणि सातव्या अशा सलग दोन डावांत आनंदकडे पांढरे होते. त्यामुळे बाराव्या डावात पांढरे टोपालोवकडे गेले. आनंदने तो काळ्याने जिंकला आणि किताब राखला.

स्विस पद्धतीत शेवटची फेरी वेगळी असते. तिथे पहिल्या क्रमांकाचा फैसला होणार असतो आणि रंग जुळत नाहीत म्हणून दोन आघाडीवीरांची गाठ टाळली, तर स्पर्धेचा अर्थच हरवतो. म्हणून त्या वेळेपर्यंत शक्य असलेल्या गुणांच्या निम्म्याहून जास्त मिळवलेल्या खेळाडूंसाठी डच पद्धत बंधन सैल करते. पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत चार फेऱ्यांनंतर ज्यांचे गुण दोनपेक्षा जास्त आहेत ते यात येतात. त्यांच्यातल्या एखाद्याला नाइलाजाने सलग तिसऱ्यांदा तोच रंग येऊ शकतो. दोघांचाही हक्क पूर्ण असेल, तर रंगांमधला फरक ज्याचा मोठा त्याला झुकते माप. नियम समतोलापेक्षा योग्य लढतीला वर ठेवतो तो एवढ्या एका जागी, आणि ते बरोबरच आहे.

फेऱ्या विषम असल्या की पूर्ण समतोल कुणाचाच होत नाही. दिव्याने २०२४ मध्ये गांधीनगरला जागतिक ज्युनियर मुलींचे विजेतेपद ११ पैकी १० गुणांनी मिळवले. अकरा डाव खेळले की वाटणी सहा-पाच अशीच होणार. २०२३ च्या आइल ऑफ मॅनमधल्या ग्रँड स्विसलाही अकराच फेऱ्या होत्या. विदित तिथे पहिल्याच फेरीत हरला आणि तरीही ८.५ गुणांसह पहिला आला. एका डावाचा हा फरक भरून काढायला काही स्पर्धांत टायब्रेकचा एक निकष असतो: गुण सारखे असतील, तर काळ्याने जास्त डाव खेळलेला वर.

सांघिक स्पर्धेत रंग खेळाडूला मिळत नाही, संघाला मिळतो. ऑलिम्पियाडमध्ये चार पट असतात. जोडीत ज्या संघाचे नाव आधी, त्याला पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरे, दुसऱ्या आणि चौथ्यावर काळे. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारतीय महिला संघाने सुवर्ण जिंकले. दिव्या तिसऱ्या पटाची खेळाडू होती आणि ११ पैकी ९.५ गुणांसह त्या पटाचे वैयक्तिक सुवर्णही तिलाच मिळाले. अशा संघात वरच्या पटावरची एखादी खेळाडू विश्रांतीला बसली की खालच्या सगळ्या एकेक पट वर सरकतात, आणि त्यांचे त्या दिवसाचे रंगही पालटतात.

मुलांच्या स्पर्धेत आणखी एक घोळ हमखास होतो: दोघे चुकीच्या बाजूला बसतात आणि डाव सुरू होतो. यावरही नियम आहे. दोघांच्या दहा चाली पूर्ण होण्याआधी चूक लक्षात आली, तर तो डाव थांबवून योग्य रंगांनी नवा सुरू करायचा. दहा चाली झाल्या असतील तर डाव तसाच चालू ठेवायचा. अशा वेळी पुढच्या फेऱ्यांच्या हिशेबात प्रत्यक्ष खेळलेला रंग धरायचा, कागदावर छापलेला नाही. पंचाने तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला नाही, तर एका मुलाचा पुढचा हक्क चुकीचा निघतो.

आता मोठ्या स्पर्धांत हे सगळे स्विस-मॅनेजरसारखी संगणक प्रणाली क्षणात करते आणि निकाल चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर दिसतात. तिथल्या तक्त्यात एखाद्या खेळाडूच्या ओळीत '१५ डब्ल्यू १' असे दिसले, तर अर्थ सोपा आहे: क्रमांक १५ शी डाव, मोहरी पांढरी, गुण एक. डब्ल्यूच्या जागी बी असेल तर काळी. पालकांनी एवढे वाचायला शिकले तरी निम्म्या शंका टेबलापर्यंत येण्याआधीच मिटतील. मात्र संगणकाला दिलेली माहिती बरोबर हवी. वॉकओव्हर साधा विजय म्हणून भरला, तर न खेळलेला रंग हिशेबात शिरतो आणि पुढच्या जोड्या बिघडतात.

खरी चिंता आहे ती जिथे ना संगणक असतो ना वेळ, अशा ठिकाणची. दिवसभरात सगळे आटपायचे म्हणून बाद पद्धतीने एकेक डाव खेळवला जातो आणि रंग नाणेफेकीवर ठरतो. त्यात पहिल्याच फेरीत निम्मी मुले घरी जातात. पहाटे उठून एसटीने आलेली मुलगी काळ्याने एक डाव खेळते, हरते आणि वर्षभराचे तिचे बुद्धिबळ तेवढ्यावर संपते. याला वेळेचे कारण पुरत नाही. प्रत्येकी वीस मिनिटांचा डाव ठेवला, तर एक फेरी जास्तीत जास्त चाळीस मिनिटांत संपते आणि पाच फेऱ्या साडेतीन तासांत होतात. चोवीस मुलांना पाच पाच डाव मिळतात आणि प्रत्येकाला दोन्ही रंग मिळतात.

संगणक नसला तरी अडत नाही. संगणकाआधीचे पंच प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड ठेवत. त्यावर नाव, क्रमांक आणि प्रत्येक फेरीचा प्रतिस्पर्धी, रंग, गुण असे रकाने असत. गुणांप्रमाणे कार्डांचे गट लावायचे, रंगाचा रकाना पाहून जोड्या जुळवायच्या. पुठ्ठ्याची चोवीस कार्डे आणि एक पेन एवढ्यावर तालुक्याची स्पर्धा नियमाप्रमाणे होते. तेव्हा क्रीडाशिक्षकांना विनंती आहे: यंदाच्या शालेय स्पर्धेत जोड्यांच्या तक्त्यात प्रत्येकाचे मागचे रंगही लिहून लावा. आणि पालकहो, "पुन्हा काळेच का?" हे जरूर विचारा, पण आधी मुलांना आपले रंग स्वतःच्या वहीत फेरीगणिक लिहायला शिकवा.